तिसरा पाय

काम्पेचेच्या सरकारी इस्पितळात रविवारी
एक्स-रेची खोली रिकामी असते,
म्हणून रविवारी गेलो.
बुटांच्या खोक्यात कापूस, कापसात ती:
एकोणीस सेंटिमीटर, भाजलेली माती,
अंगात सैल झगा, कानांत थाळ्यांएवढ्या कुड्या,
आणि झग्याच्या काठाला अजून नीळ.
बाराशे वर्षं बेटावरच्या एका कबरीत
कुणाच्या तरी हाताशी पडून राहिल्यावर
उरेल तेवढी.

गास्पार तुयुबनं संगणक सुरू केला.
रकाना रिकामा सोडला तर पुढे जात नाही, म्हणाला.
नाव?
नोंद क्रमांक चारशे सतरा.
वय? चौकटीत तीनच आकडे मावत होते,
शेवटचं शून्य सोडून दिलं.
मग मान वर न करता,
दर बाईला विचारतो तसं त्यानं विचारलं,
गरोदर आहे का?

मी हसले. नाही लिही, म्हटलं.
त्यानं ‘नाही’ लिहिलं,
शिशाचा जड एप्रन माझ्या गळ्यात अडकवला
आणि तिला एकटीला आत ठेवून दार लावलं.

पडद्यावर आली तेव्हा
नीळ गेली होती, नाकडोळे गेले होते,
उरली होती मातीची पातळ भिंत
आणि पोटात
चार गोळ्या.
वाटाण्याएवढ्या. एकीला चीर गेलेली.

मूग गिळून गप्प बसणारे मी पुष्कळ पाहिलेत,
आमच्या कार्यालयात तर रोज पाहते.
हिनं मातीचे गिळले
आणि हलवलं की बोलते.

‘चार,’ गास्पार म्हणाला,
बाहेर बाकावर बसलेल्या एखाद्या बापाला सांगावं
तशा आवाजात,
आणि मागे जाऊन त्यानं ‘नाही’ खोडलं.

तिला पुढे दोन पाय आहेत, मागे तिसरा:
झग्याखालून निघालेली आखूड नळी.
तिच्यावर रेलून ती उभी राहते
आणि वाजते तीही तिथूनच.
ओठ लावायचे ते पाठीकडून.
फुंकणाऱ्याला तिचा चेहरा दिसत नाही,
ती समोर बघत असते,
ज्यानं ऐकायचं त्याच्याकडे.

आम्हाला ओठ लावायची परवानगी नाही,
थुंकीनं माती सुटते.
म्हणून कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून
तान्ह्या बाळाचं नाक साफ करायचा
रबरी फुगा आणला होता, अठरा पेसोंचा.

पहिल्यांदा दाबला, नुसती धूळ आली,
मोहरीएवढी. तीही मी कागदात बांधून घेतली.
दुसऱ्यांदा दाराखालून वारा यावा तसं काहीतरी.
तिसऱ्यांदा
ती वाजली.
गोड नव्हे. थोडी बसकी,
झोपेतून उठून ‘ओ’ द्यावी तशी.

व्हरांड्यात फरशी पुसणारी दोन्या बासिलिया
ओलं फडकं हातात घेऊन दारात आली.
माया भाषेत विचारलं, कोण?
कोण बोलावतंय?
आम्ही दोघंही काही बोललो नाही.
ती खोक्याकडे बघत राहिली, फडक्यातलं पाणी
तिच्याच चपलेवर गळत राहिलं.

शिट्टीच्या फटीशी, आतल्या बाजूला,
अंगठ्याचा एक ठसा आहे. लहान.
माझ्या करंगळीचं टोक त्यात जेमतेम बसलं असतं.
बसवून पाहिलं नाही.
(पाहिलं. गास्पार दिवे बंद करत होता तेव्हा.)

परतताना बस दर गतिरोधकावर उडायची
आणि मांडीवरच्या खोक्यात चौघी सरकायच्या,
इकडून तिकडे, तिकडून इकडे.
शेजारच्या म्हाताऱ्यानं कान लावून विचारलं,
पिल्लं का?

हो, म्हटलं.

त्यानं हात लांब करून
माझ्याही बाजूची खिडकी लावून घेतली.